वरवाडीची पाळी

१२ फेब्रुवारी २०२४

आज पहिल्यांदा वरवाडीला गेले. राहुरीपर्यंत एसटी, तिथून जीप आणि शेवटी होडी. धरण झालं तेव्हा खालची वाडी बुडाली आणि टेकाडावरची तेवढी उरली, चारही बाजूंनी फुगवट्याचं पाणी. तेवीस घरं, चौथीपर्यंतची शाळा आणि एक मारुती. नियोजन कार्यालयातल्या राजनंदिनी मॅडमच्या नकाशावर हे बेट माझ्या नखाएवढं दिसतं. त्याचं पुढच्या वीस वर्षांचं नियोजन करायचं, आणि त्यासाठी मॅडमनी मला कंत्राटावर घेतलंय. नगरमध्ये राहून मिळालेली ही पहिली बरी नोकरी, तेव्हा नाक मुरडायचं नाही असं ठरवलंय.

होडी एक म्हातारी वल्हवत होती. मला वाटलं नावाडी आजारी असेल. तर इथे नावाडी नाहीच. रोज एका घराची पाळी. त्या घरातल्या माणसाने सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लोकांना काठावर आणायचं आणि न्यायचं. म्हातारीचं नाव छबूबाई. वय चौसष्ट, एकटी, अर्धा एकर जमीन. महिन्यात नऊ-नऊ दिवस तीच होडीवर असते म्हणे. बाकीच्यांच्या पाळ्याही तिच्याच गळ्यात.

दुपारी मारुतीच्या पारावर सगळ्यांना समजावून सांगितलं. संगणकात वरवाडीसारखी एक वाडी करणार. त्यात तेवीस एजंट, म्हणजे तेवीस घरं. प्रत्येक घर दरवर्षी आपलं आपण ठरवणार, राहायचं की जायचं. एकाचं बघून दुसरा ठरवणार. असं वीस वर्षं पुढे पळवून बघायचं, की कशाने वाडी टिकते आणि कशाने मोडते.

गोरक्षनाथ नावाचा एक चाळिशीचा माणूस पुढे बसला होता. म्हणाला, "एजंट नका म्हनू ताई. इम्याचा एक एजंट येऊन गेल्ता, त्यो परत दिसला न्हाई."

सगळे हसले. मीही हसले आणि तेव्हापासून त्यांना सोंगट्या म्हणतेय.

१५ फेब्रुवारी

आजचा दिवस खराब गेला. खरं तेच लिहिते, इथे कोण वाचणार आहे.

सकाळपासून सात घरांची माहिती घेतली. एक वाजता छबूबाईच्या ओट्यावर बसले. तिची आज पाळी नव्हती. घरात चूल थंड होती, ते मी आल्या आल्या पाहिलं होतं. पप्पांनी डब्यात नेहमीप्रमाणे दोन भाकरी जास्त घातल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, मेथी. मी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, "न्हाई बाई, तू खा."

मी आग्रह केला. ती उठून पाण्याच्या हंड्याकडे गेली. मला तांब्याभर पाणी दिलं, स्वतः डब्याला हातही लावला नाही. त्याआधी तिने मला नाव विचारलं होतं. मी हन्ना म्हटल्यावर "किरिस्ताव का?" असंही विचारलं होतं.

माझी आजी मिशनच्या शाळेत शिकली, शिक्षिका झाली, पण गावात तिला वरून ओंजळीत पाणी घालायचे. ती हे हसत सांगायची. मला ते हसणं कधीच जमलं नाही. डबा बंद केला आणि उरलेले प्रश्न भराभर उरकले. "दुसऱ्यांच्या पाळ्या तुम्ही का घेता?" या रकान्यात तिला न विचारताच लिहिलं: मजबुरी.

२१ फेब्रुवारी

पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणजे आमोस मास्तर, शाळेत चाळीस वर्षं नोकरी, त्यामुळे निकाल द्यायच्या आधी ते चष्मा पुसतात. पुसून म्हणाले, "विचारायचं होतंस ना तिला, का नको म्हणून."

मी म्हटलं, असल्या गोष्टी विचारायच्या नसतात, समजतात. त्यांनी डब्यातल्या जास्तीच्या भाकरी मात्र बंद केल्या नाहीत.

४ मार्च

छबूबाईची पाळी होती. होडीत तिच्या पायाशी टोपलं, त्यात प्रत्येक घरातून आलेलं काही ना काही. पाळीवाल्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, वाडीने घालायचं, अशी रीत आहे. कोणाची बाजरीची भाकरी, कोणाचं पिठलं, एका पोराने उकडलेलं अंडं आणून दिलं. म्हातारी वल्हं मांडीवर टेकवून मजेत जेवत होती. जेवता जेवता माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "तू काय आनलंस गं डब्यात?"

पिशवीत डबा होता. मी म्हटलं, "काही नाही." त्या दिवशी नको आणि आज चारचौघांत विचारतेय. मी काय तिची करमणूक आहे?

परत येताना गोरक्षनाथ तिच्या वावरात औत हाकताना दिसला. पैसे घेतो का विचारलं. "छ्या, पाळीचं हाय," म्हणाला. त्याच्या पलीकडे दोन बाया तिसरीच्याच कांद्यात खुरपत होत्या. त्याही म्हणाल्या, पाळीचं हाय. मला कळलं नाही. प्रश्नावलीत त्याला रकानाही नव्हता, म्हणून लिहिलं नाही.

२ एप्रिल

परवा ईस्टर झाला. आज सोंगट्या पहिल्यांदा पळवल्या.

प्रत्येक घराला मी राहण्याच्या ओढीचा एक आकडा दिलाय. शेत, पाणी, शाळा यांनी तो वाढतो. दगदगीने कमी होतो. पाळी अर्थातच दगदगीत धरली: दहा तास ऊन, बिनमजुरी. छबूबाईची सोंगटी, नंबर सतरा, तिसऱ्या वर्षी निघून जाते. ती गेली की तिच्या पाळ्या बाकीच्यांवर पडतात, मग आणखी दोघे जातात, मग चार. अकराव्या वर्षी वाडी रिकामी.

शंभर वेळा पळवलं. शंभरातल्या त्र्याण्णव वेळा तेच. पडद्यावरचे हिरवे ठिपके एकेक करून विझताना बघवत नाही.

९ एप्रिल

सापडलं! पाळी काढून टाकली. होडीच्या जागी मोटारलाँच, पगारी चालक, दिवसातून दोन फेऱ्या. बाकी एक आकडा हलवला नाही. वीस वर्षांनंतर एकवीस घरं! सतरा नंबर तर हलतच नाही जागची.

मॅडम खुर्चीतून उठून माझ्या टेबलाशी आल्या. अहवालात हीच मुख्य शिफारस ठेवायची म्हणाल्या. वरून अट अशी आहे: लाँच सुरू झाल्यापासून वर्षभर किमान अठरा घरं टिकून राहिली, तर शाळा, सौरपंप, दवाखाना सगळं बेटावरच मंजूर. नाही टिकली, तर काठावर प्लॉट देऊन वाडी उठवायची. मी म्हटलं, अठरा कशाला, एकवीस टिकतील.

पप्पांसाठी पेढे आणले.

११ जून

लाँचबद्दल वाडीची बैठक. मॅडम स्वतः आल्या होत्या. लोकांना आनंदच झाला. शाळेच्या पोरांनी लाँचचं चित्र काढून आणलं. गोरक्षनाथची बायको पुष्पावती म्हणाली, "आता वल्ह्यानं हाताला घट्टे पडायचे न्हाईत."

सगळ्यात शेवटी छबूबाई उठली.

"मग मी काय करू?"

मॅडम हसून म्हणाल्या, "आता तुम्ही आराम करायचा, मावशी. खूप केलंत."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या त्या यंत्रात मी हाय का?"

"आहात ना. सतरा नंबर."

"तिथं मला पाळी ठेवली का?"

मी अभिमानाने सांगितलं, नाही, काढून टाकली. ती बसली. इतिवृत्तात मी लिहिलं: विरोध नाही.

५ जानेवारी २०२५

लाँच सुरू. पांढरी, निळा पट्टा, बारा जणांची. चालक ओंकार, काठावरच्या गावचा, अबोल आणि वेळेचा पक्का. सकाळी आठ, संध्याकाळी पाच. जुनी होडी काठावर ओढून पालथी घातली. नारळ फोडला, फोटो काढले.

छबूबाई फोटोत नाही. तिला बोलवायला गेले तर कडी आतून.

३ मार्च

एक घर गेलं. काठावर भाड्याने खोली घेतली म्हणे. माझ्या कुठल्याच पळवणीत पहिल्या वर्षी कोणी जात नाही. अपवाद असणार.

वाडीत एक प्रकारची शांतता आहे. पूर्वी होडीत बसलं की सगळ्या वाडीची खबर मिळायची, कोण तापाने पडलंय, कोणाची म्हैस व्याली. आता लोक लाँचमध्ये मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. ते तर सगळीकडेच झालंय, त्याचं काय नोंदवायचं.

२८ एप्रिल

आणखी तीन. एकूण चार गेली. एकोणीस उरली.

मॅडमनी विचारलं, मॉडेलमध्ये काही चुकलंय का. मी म्हटलं, आकडे पुन्हा तपासते. तपासले. चूक नाही. मला झोप लागत नाही, हे मात्र खरं.

२० जुलै

आता सगळं कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं.

पाऊस होऊन महिना झाला. लाँचमधून उतरले तर वाडीतली निम्मी वावरं पडीक. छबूबाईच्या अर्ध्या एकरात गुडघाभर गवत. दाराला कडी, बाहेरून. गोरक्षनाथच्या घरी गेले. तो दारात बसून दोरी वळत होता.

"छबूमावशी कुठे गेल्या?"

"लेकीकडं. तिसगावला. आठ दिस झाले."

"वावर का पडलंय त्यांचं?"

"कोन नांगरनार?"

"तुम्हीच नांगरत होता ना!"

तो माझ्याकडे बघत राहिला, मी काही लहान पोर असल्यासारखा. मग सावकाश म्हणाला, "ताई, मी माझी पाळी तिला द्यायचो. ती माझ्याजागी व्हडीवर बसायची, मी तिचं औत हाकायचो. शेवंताची खुरपनी रखमीकडं, रखमीची पाळी शेवंताकडं. समदी वाडी अशीच चालायची. आता पाळीच न्हाई तर देनार काय? फुकट कोनी करत न्हाई, आन फुकट कोनी घेतबी न्हाई."

"मग हे तुम्ही बैठकीत का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? आन आमालाबी कुठं ठावं हुतं? व्हडी गेल्यावर कळलं."

मी दहा तास ऊन म्हणून जे दगदगीत धरलं, तेच त्यांचं चलन होतं. औत, खुरपणी, बाळंतिणीचं पाणी, सगळं त्यावर फिरायचं. मी ते गोळा करून धरणात टाकलं आणि पेढे वाटले.

पुष्पावतीने चहा दिला. मी तिला, कशी कोण जाणे, ती डब्याची गोष्ट सांगितली. मनात दीड वर्ष सलत होती. ती कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "अवो, ती आमचीबी खात न्हाई बिनपाळीची! नवरा गेल्यापासून कुनाच्या घासाला शिवली न्हाई. पाळीच्या दिवशी मातर हक्कानं मागून खायची. म्हनून तर नऊ-नऊ पाळ्या घ्यायची. त्येवढे नऊ दिस दोन टायमाला पोटभर जेवायची. बाकी दिवस कायतरी उकडून खायची."

चहा तसाच राहिला. "तू काय आनलंस गं डब्यात?" असं तिने मला विचारलं होतं. वाडीतल्या सगळ्यांना विचारायची तसंच मलाही विचारलं होतं. आणि माझ्या पिशवीत पप्पांच्या दोन भाकरी होत्या.

२२ जुलै

पाळी परत घातली. या वेळी दगदग म्हणून नाही. सोंगट्यांना एकमेकींना पाळी देता येते आणि त्याबदल्यात काम मिळतं, एवढाच नियम. पळवलं. वीस वर्षं, तेवीस घरं. चाळीस वर्षं पळवलं. एकवीस. सतरा नंबर वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारते, तिच्याच घरात.

खुर्चीत बसून रडले. कार्यालयात कोणी नव्हतं, बरं झालं.

२५ जुलै

मॅडमपुढे सगळं मांडलं. त्यांनी नीट ऐकलं, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. मग म्हणाल्या, "हन्ना, अहवाल वर गेला. लाँच खरेदी झाली. आता लोकांनी स्वतः वल्हवायचं, असं कोण मंजूर करेल? उद्या कोणी बुडालं तर?"

मी म्हटलं, पन्नास वर्षांत कोणी बुडालं नाही. त्या म्हणाल्या, "कागदावर पन्नास वर्षं नाहीत."

मी काठावर जाऊन जुनी होडी बघून आले. सहा महिने उन्हात पालथी पडून फळ्या फाकल्यात. ओंकार म्हणाला, "तिच्यात आता गवत उगवंल, ताई." त्याचा काही दोष नाही. त्याला आठ आणि पाच सांगितलंय, तो आठ आणि पाच करतो.

१४ ऑक्टोबर

निर्णय आला. वरवाडीत नऊ घरं उरलीत, अठराची अट पुरी होत नाही. वाडी काठावर आणायची. शाळा पुढच्या जूनपासून बंद. पत्रात एक वाक्य असंही आहे की, "शास्त्रीय अभ्यासातही स्थलांतराचा कल दिसून आला होता." म्हणजे माझी गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली पहिली पळवणी, ते त्र्याण्णव. मी चुकीचं उत्तर काढलं, मग ते खरं करून दाखवलं.

पप्पा म्हणाले, "तू मुद्दाम नाही केलंस." मी म्हटलं, त्याने काय फरक पडतो? ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. या वेळी निकाल दिला नाही.

२ नोव्हेंबर

रविवार. चर्च बुडवलं. पप्पांना सांगितलं, तिसगावला जातेय. ते पहाटेच उठून भाकऱ्या थापत होते. पाच झाल्या. "जास्त असू दे," म्हणाले.

लेकीचं घर बाजारापासून आत आहे. पत्र्याचं, स्वच्छ. लेक-जावई चांगली आहेत, वाईट लिहिण्यासारखं काही नाही. छबूबाई भिंतीला टेकून बसली होती. दंड उतरलेत. मी ओळखलंच नाही आधी. लेक हळूच म्हणाली, "आई अर्ध्या भाकरीवर उठती बघा. पोट भरलं म्हनती. किती सांगायचं."

मी डबा काढला, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ती घेणार नाही.

"न्हाई बाई. तू खा."

मी डबा बंद करून पिशवीत ठेवला. या वेळी वाईट वाटलं नाही. लाज वाटली. तिने वाडीचं विचारलं. मी खरं सांगितलं: नऊ घरं, जूनपर्यंत तीही काठावर. माझ्या यंत्राने झालं हेही सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"व्हडी?" तिने विचारलं.

"फाकली. उन्हाने."

लेकीने पाणी आणून दिलं. निघते म्हणून उठले, तर तीही भिंतीला धरून उठली. माझी पिशवी माझ्या हातातून काढून आपल्या खांद्याला लावली.

"चल. ष्ट्यांडापोतर सोडते तुला."

लेक म्हणाली, "आई, ऊन लई हाय."

"असू दे."

बाजार पार करून ती पुढे आणि मी मागे. वाटेत मोटारसायकली, हातगाड्या. प्रत्येक वेळी हात आडवा धरून मला थांबवायची, रस्ता मोकळा झाला की "चल" म्हणायची. होडीत चढताना धरायची, तसंच. वीस मिनिटं लागली. स्टँडवर सावलीतल्या बाकावर तिने पिशवी उतरवली, पदराने मान पुसली, आणि म्हणाली,

"आता काढ. काय आनलंस डब्यात?"

मी डबा काढला. झाकण निघेना. तिनेच काढलं. पाच भाकऱ्या, चटणी, मेथी. तिने पहिला घास घेतला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. तिने तीन खाल्ल्या. मध्ये विचारलं, "कोनी केल्या?" पप्पांनी म्हटल्यावर म्हणाली, "हात चांगला हाय बाबाचा. मीठ कमी." एक माझ्या हातात दिली, ती मी खाल्ली. उरलेली एक मी तिला पदरात बांधून देऊ लागले, संध्याकाळी होईल म्हणून. तिने हात झटकला.

"पाळीचं घरी न्यायचं नसतं."

पहिली गाडी आली, मी उठले नाही. दुसरी आली, तीही जाऊ दिली. आम्ही नुसत्या बसून होतो. तिसरी आली तेव्हा तिने माझी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"जा आता," ती म्हणाली. "पाळी संपली."